आजार एक, खाती अनेक

जालन्याची बाहेरची ओळख बाजारपेठेची आहे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण इथे सगळ्यांच्या तोंडी असते आणि तिला आधारही आहे. १९०० मध्ये मनमाड-सिकंदराबाद रेल्वे झाली आणि कापसाचा व्यापार वाढला. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. बियाण्यांतल्या कामासाठी त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुढे भंगार वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्यांनी शहराचा तोंडवळा बदलला. समृद्धी महामार्ग आला, मुंबईची ‘वंदे भारत’ सुरू झाली आणि २०२३ मध्ये नगर परिषदेची महानगरपालिका झाली. या वाढीला ज्यांचे हात लागले, म्हणजे भट्टीत भंगार टाकणारे, बियाणे निवडणाऱ्या, मोंढ्यात हमाली करणारे, उकिरड्यावरून पत्रा-प्लास्टिक वेचणाऱ्या, ती माणसे कुठे राहतात, कोणते पाणी पितात, कशाने आजारी पडतात आणि आजारी पडल्यावर कुणाच्या दारात जातात, हा या पुस्तकाचा विषय आहे.

वस्ती कशाला म्हणायचे, इथपासूनच अडचण सुरू होते. २०११ च्या जनगणनेत जालना शहराची लोकसंख्या २,८५,५७७ होती. झोपडपट्टी मोजण्यासाठी त्या जनगणनेने लावलेला निकष असा होता: साठ-सत्तर घरांचा, निदान तीनशे माणसांचा, दाटीवाटीचा सलग भाग. रुळाच्या कडेची वीस घरे, नाल्याकाठची पालांची ओळ, औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाबाहेर एकेका खोलीत सात-आठ जण मिळून राहणारे उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार या निकषात बसत नाहीत. १९७१ च्या राज्याच्या कायद्याने झोपडपट्टी म्हणून घोषित झालेल्या वस्तीला गटार, दिवा, नळ मागता येतो. पण घोषणा होण्याआधी कुणीतरी तिथे जाऊन मोजावे लागते. जी वस्ती मोजलीच जात नाही, तिच्यातला ताप नोंदवहीत कुठल्या रकान्यात जाणार?

आकडेवारीचा आणखी एक पेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत, २००५-०६ मध्ये, देशातल्या आठ शहरांतल्या झोपडपट्ट्यांचे वेगळे निष्कर्ष काढले गेले. त्यांत महाराष्ट्रातली मुंबई आणि नागपूर होती. जालन्याएवढी शहरे असल्या यादीत येत नाहीत. धारावीवर प्रबंध लिहिले जातात. दोन-तीन लाख वस्तीच्या शहरातली गरिबी जिल्ह्याच्या सरासरीत विरघळून जाते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना आणि पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के बालकांना रक्तक्षय होता, ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. ही सगळ्या राज्याची सरासरी आहे. तिच्यात बंगल्यातले मूल आहे आणि पालातलेही आहे. विषमतेचा अभ्यास करायचा तर ही सरासरी फोडून बघावी लागते.

फोडून बघायला लागलो की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. वस्तीतल्या एका आजाराच्या मागे सरकारची पाच-सहा खाती असतात. पाणी महापालिकेचे. हवा प्रदूषण नियंत्रण मंडळाची. कारखान्यातली सुरक्षितता औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची. अंगणवाडी महिला व बालविकासाची. रेशन पुरवठा विभागाचे. सिव्हिल हॉस्पिटल राज्याच्या आरोग्य खात्याचे. प्रत्येकाची फाइल वेगळी, बैठक वेगळी, उद्दिष्ट वेगळे. माणूस मात्र एकच असतो. त्याच्या फुप्फुसात भट्टीची धूळ, पोटात नळाचे पाणी आणि रक्तात अपुऱ्या जेवणाची उणीव एकाच वेळी जमा होत असते. ही बेरीज कुणाच्याही फाइलवर होत नाही. या पुस्तकाने ती मांडून पाहिली आहे.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण जालन्यात कुठलीही गोष्ट पाण्यापासूनच सुरू होते. घाणेवाडीचा निजामकाळातला तलाव आज संत गाडगेबाबा जलाशय म्हणून ओळखला जातो. शहराची तहान त्याने पिढ्यान्‌पिढ्या भागवली. २०१२-१३ च्या दुष्काळात तो आटला आणि जालन्याचे टँकर देशभर दिसले. पुढे जायकवाडीचे पाणी जलवाहिनीने शहरात आले. तरीही नळ रोज येत नाही. कित्येक भागांत पाणी आठवड्याने सुटते, कधी त्याहूनही उशिरा. ज्याच्या घरावर टाकी आहे, अंगणात बोअर आहे आणि दाराशी फिल्टरचा जार येतो, त्याला हा फरक थोडा जाणवतो. एका खोलीच्या घरात मात्र ड्रम, टिप, हंडे, बादल्या हीच टाकी.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे नळाची पाळी आणि डासाची पिढी यांचा काळ जवळजवळ सारखाच. आरोग्य खाते सांगते, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, भांडी रिकामी करून घासून पुसून ठेवा. सल्ला शास्त्राला धरून आहे. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीही महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे घासणे खरोखरच गरजेचे आहे. पण उद्या नळ येईल याची खात्री नसलेल्या घरात भरलेला ड्रम ओतून देणे कुठल्या बाईला परवडेल? ती झाकण घालते, फडके बांधते, आणि कर्मचाऱ्याने अळीनाशक टाकले तर त्या पाण्याला वास येतो म्हणून कुरकुरते. मग अहवालात लिहिले जाते की वस्तीत जनजागृतीचा अभाव आहे. जागृती असते, पाण्याचा भरवसा नसतो.

नळ खंडित असण्याचा दुसरा परिणाम जमिनीखाली घडतो. पाणी बंद असते तेव्हा नळीतला दाब उतरतो आणि शेजारून गटार वाहत असेल तर सांध्यांतून, फुटक्या जागांतून मैला आत ओढला जातो. पुढच्या वेळी पाणी सुटते तेव्हा पहिल्या काही मिनिटांत तोच बाहेर पडतो. गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर यांच्या पावसाळी साथींचा एक मार्ग हा आहे. कुंडलिका नदीच्या आणि नाल्यांच्या काठच्या, सखल भागातल्या वस्त्यांना हा धोका जास्त, कारण नळी आणि गटार यांच्यातले अंतर तिथेच सर्वांत कमी असते. शिवाय पाण्याचा दिवस हा खाड्याचा दिवस असतो. नळ कधी येईल ते नक्की नसल्याने घरातली एक बाई थांबते आणि तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. पाणीपट्टीच्या पावतीवर ही रक्कम कधी दिसत नाही.

हवेची गोष्ट वेगळ्या दिशेने त्याच घरात येते. जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. हवेच्या मानकांत सलग बसू न शकलेल्या शहरांच्या त्याच्या यादीत मुंबई, पुणे, नागपूर यांच्याबरोबर जालन्याचे नाव आहे. दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांसाठी भारताची वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा १५ आहे. भंगार भट्टीत टाकताना आणि वितळलेला रस ओतताना जो धूर उठतो, तो सगळाच धुराड्यातून जात नाही. बराचसा शेडमधूनच बाहेर पडतो. औद्योगिक वसाहतीलगतच्या आणि चंदनझिऱ्याकडच्या घरांना हा शेजार कायमचा आहे. त्यात घरातली चूल, रस्त्याची धूळ आणि जळता कचरा मिसळतो.

शेडच्या आत राहून जे काम करतात त्यांची मात्रा वेगळीच. इंडक्शन भट्टीला आतून जे अस्तर लावतात ते मुख्यतः सिलिकाच्या भुकटीचे असते. जुने अस्तर फोडताना आणि नवे ठोकून बसवताना ती भुकटी उडते. वर्षानुवर्षे श्वासातून गेली की सिलिकोसिस होतो, आणि सिलिकोसिस झालेल्या फुप्फुसात क्षयाचा शिरकाव सोपा होतो. १९४८ च्या कारखाने कायद्यापासून सिलिकोसिस हा डॉक्टरने कळवलाच पाहिजे असा रोग आहे. पण ठेकेदाराकडे काम करणारा माणूस खोकला वाढला की काम सोडतो, गावी जातो, आणि तिथे त्याच्या केस पेपरवर फक्त ‘क्षय’ लिहिले जाते. ज्या कामाने तो आजारी पडला ते काम कागदावर उरत नाही.

क्षयाचा धागा पुढे ताटापर्यंत जातो. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या ‘रेशन्स’ या अभ्यासात क्षयरुग्णांच्या घरच्यांना पुरेसे धान्य-डाळ दिल्यावर त्यांच्यात नव्याने होणारा क्षय सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाला. औषधाइतकेच जेवण कामी येते, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार? निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले, हे बरेच झाले. पण रोजंदारीवरचा कर्ता माणूस सहा महिने गोळ्या खातो तेव्हा त्याची बुडालेली मजुरी हजारात भरून निघत नाही. म्हणून तो दोन महिन्यांनी बरे वाटू लागताच कामावर जातो. बाकीचे तो अंगावर काढतो.

‘अंगावर काढणे’ हा वस्तीतला सर्वांत मोठा उपचार आहे, आणि तो बायका सर्वांत जास्त करतात. विशीत येईपर्यंत दोन बाळंतपणे झालेली, रक्त कमी असलेली, पाणी भरून कामाला जाणारी बाई चक्कर येते म्हणून दवाखान्यात जात नाही. २० ते २४ वयाच्या स्त्रियांत अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के असल्याचे पाचव्या सर्वेक्षणात दिसले. जालना, बीड, परभणी या सरासरीच्या बऱ्याच वर आहेत. मुलगी लवकर लग्न होऊन जाते याला नुसती परंपरा कारण नाही. आई-बाप कामावर गेल्यावर एका खोलीच्या घरात तिला एकटी ठेवायची भीती असते. मंठा, घनसावंगी, अंबडकडची कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, तेव्हा मुलीला मागे कुणाकडे ठेवायचे हा प्रश्न असतो. कमी वयाची, कमी रक्ताची आई, तिचे कमी वजनाचे बाळ आणि त्या बाळाची खुंटलेली उंची ही साखळी आहे. लोहाच्या गोळ्यांचे पाकीट ती एका कडीवर तोडू पाहते.

या सगळ्यावर जातीचा आणि धर्माचा थर आहे, आणि तो टाळून आरोग्याबद्दल लिहिणे म्हणजे अर्धे लिहिणे. गटारात उतरणारे हात कोणत्या समाजाचे, भंगार वेचणारे कोणत्या, घोषित वस्तीच्या कडेलाही जागा न मिळालेले भटके-विमुक्त कोण, हे शहरातल्या प्रत्येकाला माहीत असते. जुन्या जालन्यातल्या दाट मुस्लिम मोहल्ल्यांत गल्लीची रुंदीच ठरवते की कचऱ्याची गाडी आणि रुग्णवाहिका कुठपर्यंत येईल. सच्चर समितीने २००६ मध्ये आणि राज्याच्या महमूदुर रहमान समितीने २०१३ मध्ये मुस्लिमांच्या मागासलेपणाचे चित्र देश आणि राज्य पातळीवर मांडले. त्याचा गल्लीतला अर्थ वाचायचा तर हे मोहल्ले बघावेत.

मग दवाखाना? शहरात तो हाकेच्या अंतरावर असतो आणि इथेच दिशाभूल होते. सिव्हिल आहे, स्त्री रुग्णालय आहे, खासगी दवाखाने गल्लोगल्ली आहेत. श्री गणपती नेत्रालयासारखी संस्था आहे, जिने दृष्टीच्या बाबतीत आसपासच्या जिल्ह्यांनाही आधार दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या राज्यातल्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत जालन्याचेही होते. तरी गंभीर रुग्णाच्या नातेवाइकाच्या कानावर वर्षानुवर्षे एकच वाक्य पडत आले: ‘घाटीला न्या.’ साठेक किलोमीटरवरचे छत्रपती संभाजीनगर, तिथले घाटी रुग्णालय, गाडीभाडे आणि सोबतच्या माणसाचा खाडा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून मोठ्या शस्त्रक्रियेचा खर्च निघतो. पण रक्तदाबाची रोजची गोळी, साखरेची तपासणी, मुलाच्या तापावरचे औषध हा बाह्यरुग्ण खर्च तिच्यात येत नाही. हृदयात झडप बसवायला सरकार मदत करते. झडप खराब होऊ नये म्हणून लहानपणीच्या घशाच्या आजारावर वेळेत इलाज मिळणे मात्र नशिबावर राहते.

याचे मूळ इतिहासात आहे. भोर समितीने १९४६ मध्ये प्राथमिक आरोग्याची कल्पना मांडली आणि १९५२ पासून सामुदायिक विकास योजनेतून प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली, ती खेड्यांत. शहरात डॉक्टर असतातच, असे गृहीत धरले गेले. सपाट प्रदेशातल्या ग्रामीण भागासाठी तीस हजार लोकांमागे एक केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र असा निकष झाला. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून हजार लोकांमागे एक ‘आशा’ स्वयंसेविका आली. शहरांसाठी असे अभियान मंजूर व्हायला मे २०१३ उजाडले, आणि त्यात पन्नास हजारांमागे एक नागरी केंद्र धरले. हिशेब करून पाहा. २०११ च्या जालना शहराएवढे लोक खेड्यांत विखुरलेले असते तर निकषाने त्यांच्या वाट्याला नऊ केंद्रे आणि सत्तावन्न उपकेंद्रे आली असती. शहरात राहतात म्हणून २०१३ च्या निकषाने त्यांच्या वाट्याला पाच-सहा नागरी केंद्रे आली, उपकेंद्र एकही नाही. केंद्र वस्तीत किंवा तिच्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत असावे, संध्याकाळची ओपीडी असावी, असे त्या अभियानाच्या आराखड्यात लिहिले होते, कारण सकाळची ओपीडी म्हणजे मजुराला खाडा. जिल्हा परिषदेची आरोग्ययंत्रणा शहराच्या हद्दीवर थांबते. हद्दीच्या आत बहुतेक नगर परिषदांत ‘आरोग्य विभाग’ म्हणजे झाडलोट, घंटागाडी आणि धूरफवारणी. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात वस्ती राहते.

यंत्रणेला वस्ती गाठताच येत नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. पोलिओच्या मोहिमेत घरोघर जाऊन, दारावर खडूने खुणा करून, वीटभट्टीवरचे आणि पालांतले प्रत्येक मूल शोधले गेले. जानेवारी २०११ नंतर देशात वन्य पोलिओचा रुग्ण सापडला नाही. कोविडच्या काळात राज्याचे आरोग्यमंत्री याच जिल्ह्यातल्या घनसावंगीचे राजेश टोपे होते. २ जानेवारी २०२१ रोजी लसीकरणाची रंगीत तालीम राज्यात ज्या चार जिल्ह्यांत झाली त्यांत पुणे, नागपूर, नंदुरबार यांच्याबरोबर जालना होता. इच्छा, पैसा आणि एका माणसाकडे स्पष्ट जबाबदारी असली की याद्या होतात, शीतपेट्या पोचतात, शेवटचे घरही सापडते.

मराठवाड्याला जवळचा एक धडा सुरतेचा आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीच्या प्लेगची नोंद झाली आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडाला. वस्त्यांत पोट भरायला गेलेले असंख्य मजूर, त्यांत मराठी माणसेही, शहर सोडून पळाले. पुढच्या वर्षी आयुक्त एस. आर. राव यांनी प्रशासनाची घडी बदलली. अधिकारी रोज प्रभागात उतरू लागले, एकेका भागाची जबाबदारी एकेकावर नेमली गेली, झोपडपट्ट्यांत गटार, फरसबंदी आणि शौचालये झाली, दवाखान्यांकडून आजारांची नियमित माहिती गोळा होऊ लागली. दोन-तीन वर्षांत सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत गणली गेली. पैसा सुरतेकडे प्लेगच्या आधीही होता. बदलले ते एवढेच की पाणी, गटार, घर आणि ताप हे एका टेबलावर आले. तिथे त्यासाठी साथ यावी लागली. जालन्याने साथीची वाट पाहण्याचे कारण नाही.

हे पुस्तक वाचताना दोन सवयी बाजूला ठेवाव्यात, अशी विनंती आहे. पहिली, वस्तीतल्या माणसाला सवयी शिकवण्याची. तंबाखू, हात धुणे, वेळेवर लस हे महत्त्वाचे आहेच; पण जिथे पाणी मोजून वापरले जाते तिथे हात धुण्याचा धडा नळापाशी सुरू व्हायला हवा. दुसरी, वस्तीकडे दयेने पाहण्याची. इथली माणसे शहराला सळई, बियाणे, स्वच्छता आणि सेवा पुरवतात. त्यांच्या आजाराचा खर्च शहराच्या उत्पादनखर्चात धरला जात नाही, म्हणून शहराचे उत्पादन स्वस्त दिसते.

‘हे काम आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर वस्तीने आजवर प्रत्येक खिडकीवर ऐकले आहे. त्या उत्तराला कायद्याचाही आधार नाही. जालना महानगरपालिका झाल्यामुळे तिला १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू झाला, आणि त्याच्या कलम ६३ मध्ये पाणीपुरवठा, मैल्याचा निचरा, साथरोगांना अटकाव आणि सार्वजनिक दवाखाने ही पालिकेची बंधनकारक कर्तव्ये सांगितली आहेत. करायची की नाही, हा पर्याय तिला नाही. म्हणून पुढची प्रकरणे वाचणाऱ्या जालनेकराने तीन गोष्टी मागाव्यात: न मोजलेल्या वस्त्यांची मोजणी, प्रत्येक नागरी केंद्रावर पाणी, हवा, काम आणि आजार यांची एकत्र नोंदवही, आणि त्या नोंदवहीला उत्तर देणारा एक नाव असलेला अधिकारी. महापालिकेच्या अंदाजपत्रकात या तिन्हींसाठी किती तरतूद आहे, हे दरवर्षी कुणालाही पाहता येते. ते पाहण्याची सवय लागली, तर या पुस्तकाने आपले काम केले असे म्हणता येईल.